वीस पुरी होण्याआधी

12 नोव्हेंबर 2024, मंगळवार. भोपाळ

आज कार्तिकी एकादशी. इथल्या बोलीत देवउठनी ग्यारस. चार महिन्यांनी लग्नाचे मुहूर्त उघडले. तंबूवाले, हलवाई, बँडवाले, पत्रिका छापणारे, भटजी, सगळ्यांना महिला-बालविकास खात्याची ताकीद असते की वयाचा दाखला पाहिल्यावाचून काम घ्यायचं नाही. 2006 च्या बालविवाह कायद्याने तर अक्षय्य तृतीयेसारख्या दिवशी खुद्द जिल्हाधिकाऱ्यालाच प्रतिबंधक अधिकारी मानलं आहे. मांडवातून मुलगी सोडवणं हे जिवावरचं काम आहे. 2005 साली अक्षय्य तृतीयेच्या तोंडावर धार जिल्ह्यात बालविवाह थांबवायला गेलेल्या अंगणवाडी पर्यवेक्षिकेच्या हातांवर तलवारीने वार झाले होते. ते आठवलं की आजही अंगावर काटा येतो.

पण ज्यांचा मांडव कुणीच रोखला नाही, त्या मुली ग्यारशीच्या कुठल्याच अहवालात नसतात.

14 नोव्हेंबर, गुरुवार

राजगढ जिल्ह्यातून मायलेकी मदत मागायला आल्या. नाव या वहीतही लिहीत नाही. मुलगी चार वर्षांची असताना सगाई, 2020 च्या टाळेबंदीत फेरे. पन्नासच माणसं बोलवायची परवानगी, म्हणजे खर्च कमी, म्हणून मोठ्या बहिणीच्या मांडवातच हिलाही उभी केली. पुढे गौना, म्हणजे सासरी पाठवणी. सासरी मार. दोन वर्षांपूर्वी ती माहेरी परतली, ती परतलीच.

आता सासरची माणसं ‘झगडा’ मागतात. राजगढ, आगर-माळवा भागातली ही रीत: मुलीने लहानपणीचं नातं मोडलं तर तिच्या बापाने नवऱ्याकडच्यांना पैसे मोजायचे, आकडा पंचांनी ठरवायचा. तो लाखांत जातो. नाही दिला तर उभं पीक पेटवतात, घर जाळतात. मुलीने दुसरं घर केलं, म्हणजे ‘नातरा’ केला, तर बहुधा नव्या नवऱ्याकडून ती रक्कम वसूल होते. म्हणजे तिची सुटका व्हायची ती पुन्हा एका लग्नातूनच.

“दीदी, खेत गिरवी रख दें क्या?” आईने विचारलं.

त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं की बालविवाह कायद्याच्या तिसऱ्या कलमाने ही मुलगी न्यायालयाकडून हे लग्नच रद्द करून घेऊ शकते. घटस्फोट नव्हे, लग्न झालंच नाही, असा निकाल. लग्नात दिल्या-घेतल्या वस्तू आणि पैसे दोन्ही बाजूंनी परत करायचा आदेशही न्यायालयच देतं. दुसरं लग्न होईपर्यंत तिला पोटगी मिळू शकते, राहायच्या जागेची सोय मागता येते. पंचांच्या आकड्याला कायद्यात कुठेच जागा नाही. अट एकच: सज्ञान झाल्यावर दोन वर्षांच्या आत अर्ज. म्हणजे वीस पुरी होण्याआधी.

मार्कशीटवर तिची जन्मतारीख 1 जुलै 2005 आहे, आधारवर 1 जानेवारी 2005. दोन्ही कुणीतरी अंदाजाने टाकलेल्या. गावोगाव निम्म्या वर्गाचा वाढदिवस 1 जुलैला असतो. न्यायालयात शाळेचा दाखलाच चालेल. तरी समोरच्या वकिलाला वाद घालायला फट ठेवायची नाही. डिसेंबर संपण्याआधी अर्ज पडला पाहिजे.

18 नोव्हेंबर, सोमवार

सर्वोच्च न्यायालयाचा बालविवाहावरचा 18 ऑक्टोबरचा निकाल पुन्हा वाचला. सरन्यायाधीश चंद्रचूडांनी निवृत्त होण्यापूर्वी दिलेला. दोन गोष्टी मला फार मोलाच्या वाटतात. प्रतिबंधक अधिकाऱ्याच्या गळ्यात दुसरी कामं बांधू नका, ही एक. दुसरी, लहानपणी ठरवून टाकलेली सगाईही बेकायदा ठरवण्याचा संसदेने विचार करावा. राजगढसाठी ही दुसरी सूचनाच खरी. तिथे मुलीचा सौदा फेऱ्यांच्या कितीतरी आधी झालेला असतो, आणि आजचा कायदा फेऱ्यांपासून मोजतो.

22 नोव्हेंबर, शुक्रवार

बालविवाहाविरुद्ध देशभराचे प्रयत्न एकत्र बांधण्याची खटपट नवी नाही, आणि तिच्यात भोपाळचा व आपला मराठी माणसांचा, दोन्हींचा हात आहे. अखिल भारतीय महिला परिषद 1927 साली पुण्यात भरली. पुढच्या वर्षीच्या दिल्लीच्या अधिवेशनाच्या अध्यक्ष होत्या भोपाळच्या सुलतान जहाँ बेगम. बालविवाह रोखू पाहणाऱ्या सारडा विधेयकामागे या परिषदेने आपलं बळ उभं केलं. संमतिवयाच्या चौकशीसाठी जी समिती देशभर साक्षी घेत फिरली, तिचे अध्यक्ष अमरावतीचे सर मोरोपंत जोशी. 1929 मध्ये कायदा झाला, मुलीचं वय चौदा ठरलं. 1 एप्रिल 1930 ला तो लागू होणार म्हणून त्याआधी लोकांनी घाईघाईने लेकरांची लग्नं उरकली.

त्या कायद्यात दंड होता, कैद होती. पण लागलेलं लग्न वैधच राहायचं. रखमाबाईंनी 1880 च्या दशकात मुंबईच्या न्यायालयात जो प्रश्न उभा केला, की अकराव्या वर्षी लावलेलं लग्न मी का मानू, त्याला लग्नच रद्द करून घेण्याचा, सगळ्यांना लागू असा हक्क देणारं उत्तर कायद्याने 2006 मध्येच दिलं. एवढ्या उशिरा मिळालेला हक्क दोन वर्षांत विरून जातो, आणि जिचा आहे तिला पत्ताही नसतो. याचा मला संताप येतो.

27 नोव्हेंबर, बुधवार

दिल्लीत ‘बाल विवाह मुक्त भारत’ अभियान सुरू झालं. मंत्री अन्नपूर्णा देवींनी शपथ दिली, तक्रारींसाठी पोर्टलही आलं. भर सात राज्यांवर आहे: पश्चिम बंगाल, बिहार, झारखंड, राजस्थान, त्रिपुरा, आसाम, आंध्र. मध्य प्रदेश त्यांत नाही, कारण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत अठराच्या आत लग्न झालेल्यांची आमची सरासरी 23.1 टक्के, देशाची 23.3. पण त्याच पाहणीत राजगढ 46 टक्क्यांवर आहे. महाराष्ट्रही यादीत नाही. तिथे परभणी 48 वर. सरासरीच्या खाली असलेल्या जिल्ह्यांनी वरच्या जिल्ह्यांना झाकलं आहे. जास्त प्रमाणाचे तीनेकशे जिल्हे वेगळे निवडले आहेत, हे ऐकून बरं वाटलं. काम जिल्ह्यानेच मोजायला हवं.

3 डिसेंबर, मंगळवार

गॅसकांडाला चाळीस वर्षं. शहरातली सरकारी कार्यालयं बंद. या गावाला कुणी शिकवायला नको की दुर्घटनेचा दिवस दरवर्षी पाळला जातो आणि वाचलेली माणसं मात्र कागद घेऊन दारोदार फिरत राहतात. हिंसा सोसलेल्या बायकांना तरी तसं फिरावं लागू नये म्हणून जेपी रुग्णालयातलं ‘गौरवी’ केंद्र 2014 पासून आहे. एकाच छताखाली समुपदेशक, वकील, पोलिसांशी संपर्क. राजगढच्या मायलेकींना तशी जागा बसभाड्याच्या अंतरावर नको, तालुक्याला हवी.

10 डिसेंबर, मंगळवार

अर्ज दाखल झाला. सही करताना तिने वकीलबाईंना विचारलं, बारावीच्या फॉर्मवर आता कुणाचं नाव लिहू? वडिलांचं, बाईंनी सांगितलं.

खरी जोखीम आता सुरू होते. नोटीस सासरी पोचेल त्या दिवशी पंच बसतील, आणि बापाचा गहू शेतात उभा आहे. जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक, दोघांना संरक्षणासाठी लिहिलं. महिला-बालविकास खातं म्हणतं, पोलिसांचं काम. ठाणं म्हणतं, गुन्हा घडल्यावर या. नोटीस पोचताना गावात कोण हजर राहणार, हे अजून ठरलेलं नाही. उद्या सकाळी पुन्हा राजगढला फोन.