देठाची जागा

नव्या वाणाचं वर्णन लिहायचं तर आधी त्याचे आईबाप लिहावे लागतात. बी कोणत्या झाडावर धरलं, पराग कोणत्या झाडाचा. अमेरिकेत वनस्पतीच्या वाणाला जे पेटंट मिळतं, त्याच्या कागदांत ही ओळख सुरुवातीलाच येते. मग झुडपाची उंची, पानाची लांबी-रुंदी, फुलाचा आकार, फळाचा रंग. माझ्या पहिल्या ब्लूबेरीचे कागद लिहायला बसले, तेव्हा ती दोन नावं लिहून झाल्यावर माझा हात थांबला. त्या झुडपाचं देणं दोन नावांत मावत नव्हतं. जे मावलं नाही, ते आज लिहिते आहे.

माझे वडील वेंगुर्ल्याला एका रोपवाटिकेत कलमं बांधायचे. पावसाच्या सुरुवातीला कोयी रुजायच्या. तांबूस पानांचं कोवळं रोप घ्यायचं, शेंडा छाटून मधोमध चीर द्यायची, हापूसच्या काडीची पाचर त्यात बसवायची आणि वरून प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची. कलम घ्यायला आलेल्या प्रत्येकाला ते एकच सांगायचे, "कलम खंयच्या झाडाचां, तां पयलां विचार." हापूसच्या कोयीतून हापूस येत नाही, हे मला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक होतं. आमच्याच गावच्या फळ संशोधन केंद्रात नीलम आणि हापूस यांच्या संकरातून 'रत्ना' तयार झाला. तो 1981 साली शेतकऱ्यांच्या हाती आला. नवं फळ माणसाच्या हातून घडतं, हे मी त्या आंब्याकडून शिकले.

पुढे शिकत शिकत न्यू जर्सीत पोचले. पाइन बॅरन्स हा तिथला पाइनच्या जंगलाचा मुलूख. पायाखाली पांढुरकी रेती, ओढ्यांचं पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं, माती आंबट. इतर पिकं जिथे तग धरत नाहीत तिथे ब्लूबेरी सुखानं वाढते. तिला साडेचार ते साडेपाच सामू लागतो. या मुलखात मला काका भेटले. मी जिथे काम करू लागले, त्या संशोधन केंद्राच्या प्लॉटवर चाळीस वर्षं काम केलेले ते तंत्रज्ञ होते. मी त्यांना मनात काका म्हणायचे, तोंडानं नावानं हाक मारायचे, तिथल्या रीतीनं. ते नाव इथे लिहीत नाही, कारण त्यांनी तसं मागून घेतलं होतं.

पहिल्याच आठवड्यात ते मला गाडीत घालून व्हाइट्सबॉगला घेऊन गेले. तिथे एलिझाबेथ व्हाइट यांच्या वडिलांची क्रॅनबेरीची शेती होती. फ्रेडरिक कोव्हिल हे सरकारी कृषी खात्यातले वनस्पतिशास्त्रज्ञ. ब्लूबेरीला आंबट माती लागते, हे त्यांनी प्रयोग करून दाखवलं होतं. त्यांची पुस्तिका 1911 साली एलिझाबेथबाईंच्या वाचनात आली आणि त्यांनी कोव्हिलना आपल्या जमिनीवर प्रयोग करायचं आमंत्रण दिलं. त्या काळी ब्लूबेरी रानातच मिळायची. बाईंनी रान ओळखणाऱ्या स्थानिक माणसांना भोकाची पट्टी दिली. भोक होतं सोळा मिलिमीटरचं. ज्या झुडपाचं फळ त्यातून खाली पडणार नाही, ते झुडूप दाखवायचं आणि त्याचे पैसे घ्यायचे. शोधणाऱ्याच्या नावावरून झुडपाचं नाव पडायचं. रूब लीक या माणसानं दाखवलेल्या झुडपाचं नाव 'रूबेल'. 1916 साली इथून लागवडीच्या ब्लूबेरीचा पहिला माल बाजारात गेला. "ती माणसं नसती तर तू-मी कशावर काम केलं असतं?" एवढं बोलून काका गाडीकडे वळले.

संकर करायला मला त्यांनीच शिकवलं. थंडी सोसलेली कुंड्यांतली झुडपं फेब्रुवारीत काचघरात यायची. ब्लूबेरीचं फूल उलट्या टांगलेल्या छोट्या घड्यासारखं असतं. ते उमलायच्या आदल्या दिवशी चिमट्यानं पाकळ्यांचा घडा आणि आतले पुंकेसर अलगद काढायचे. मधली हिरवी काडी तेवढी उरली पाहिजे. मग दुसऱ्या झाडाचं उमललेलं फूल अंगठ्याच्या नखावर धरून बोटांत फिरवायचं, की पिवळसर भुकटी नखावर उतरते. ते नख त्या काडीच्या टोकाला टेकवायचं. काका हे डोळे मिटूनही करू शकले असते. मला एका फांदीला अर्धा दिवस लागला. त्यांनी घाई केली नाही.

त्या वर्षीच्या संकरांतून काही हजार रोपं झाली. उंच ब्लूबेरीत गुणसूत्रांचे चार संच असतात, एकूण 48. त्यांची वाटणी दर बीत वेगळी होते, म्हणून एकाच फळातल्या दोन बियांची रोपंही सारखी निघत नाहीत. तिसऱ्या वर्षी फळं धरली आणि निवड माझ्याकडे आली. मी रांगेतून चालत होते. प्रत्येक झुडपाचं एक फळ तोंडात टाकायचं, आवडलं नाही की लाल फीत बांधायची. लाल फीत म्हणजे उपटून टाका. एक झुडूप चाखलं. आंबट. फीत बांधली आणि पुढे गेले.

आठवड्यानं काकांनी मला हाक मारली. ते त्याच झुडपाशी उभे होते. लाल फीत तशीच होती, झुडूपही तसंच. उपटायचा दिवस उलटला होता, तरी त्यांनी ते राखलं होतं.

"आता चाख," ते म्हणाले.

गोडीच्या आत थोडी आंबट धार, आणि दातांखाली फळ करकरीत. मी त्यांच्याकडे पाहत राहिले. ते म्हणाले, "फळ निळं झालं म्हणजे पिकलं असं नसतं. रंग आल्यावरही ते झुडपावर भरत राहतं, गोडी चढत राहते. तू रंग आल्या आल्या आलीस." मग त्यांनी फळ उलटं धरून देठ सुटलेली जागा दाखवली. टाचणीच्या डोक्याएवढी, कोरडी. शेजारच्या झुडपाचं फळ तोडून दाखवलं. तिथे साल फाटली होती आणि रस आला होता. "हे दोन दिवसांत बुरशी धरेल. आपलं नाही धरणार."

मला वेंगुर्ला आठवलं. आंबा देठासकट उतरवायचा, नाहीतर चीक सालीवर ओघळतो आणि फळ डागळतं, हे वडील झेला हातात देऊन सांगायचे. इतकं सगळं मला ठाऊक होतं. तरी त्या दिवशी मी फक्त चव पाहिली, देठाकडे पाहिलंच नाही. काकांनी ते झुडूप राखलं नसतं, तर माझ्या हातानं ते गेलं असतं.

त्या झुडपाच्या छाटकलमांपासून रांगा झाल्या आणि वर्षानुवर्षं 'ड्यूक' व 'ब्लूक्रॉप' या वाणांच्या शेजारी त्यांची परीक्षा झाली. वर्णन लिहायच्या उन्हाळ्यात काका निवृत्त झाले होते, तरी रोज सकाळी यायचे. रंग पाहण्यासाठी रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीचा रंगतक्ता असतो. फळ त्याच्यापाशी नेऊन सर्वांत जवळचा रंग शोधायचा. मी फळ बोटांत धरलं आणि काकांनी माझं मनगट धरलं. "देठाला धर." ब्लूबेरीवर मेणाचा पातळ थर असतो. आपल्याकडे नाशिकचे द्राक्ष बागायतदार द्राक्षावरच्या तशाच थराला लस्टर म्हणतात. बोट लागलं की तो पुसला जातो आणि फिकट निळ्याचा काळपट निळा होतो. मग वर्णन फळाचं राहत नाही, आपल्या बोटाचं होतं. दहा फळं देठाला धरून मी पाहिली, दहा लिहिली.

वंशावळ लिहिताना मी मागे मागे गेले. आमच्या झुडपाच्या आईकडे ब्लूक्रॉप होता. ब्लूक्रॉपच्या मागे 'जर्सी' हा वाण, जर्सीच्या मागे रूबेल. रानातलं ते एक झुडूप आणि ते दाखवणारा माणूस, इथवर माझं बोट आलं. कागदावर शोध लावणारी म्हणून माझं नाव गेलं. मी काकांना त्यांच्या नावाबद्दल विचारलं. "माझं नाव कुठेच नको," ते म्हणाले. "झुडूप नीट लिही."

कागद हाती आले तेव्हा ते घराबाहेर पडत नव्हते. मी त्यांच्या खाटेशी बसून वाचत होते. रंग, उंची, पानं हे सगळं त्यांनी डोळे मिटून ऐकलं. देठाची जागा आली, "लहान आणि कोरडी", तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

"आणि ते उशिरा गोड होतं, ते?"

मी पुढची ओळ वाचली. रंग आल्यानंतर सुमारे आठवडाभर फळ झुडपावर राहू द्यावं, असं तिथे लिहिलं होतं. सही माझी असली, तरी ते वाक्य काकांचं आहे. ती फळं तोडणारा प्रत्येक शेतकरी त्यांचं ऐकून तोडतो.

मी वेंगुर्ल्याला फोन केला, तेव्हा वडिलांनी वाणाचं नाव विचारलं नाही. त्यांनी विचारलं, ते खंयच्या झाडाचं. मी सांगायला लागले, आणि सुरुवात काकांपासून केली.