वेगळी चूल

लवासाला, दासव्याच्या जलाशयाकाठी दोन दिवस मुक्काम होता, तेव्हा आम्ही उभयतांनी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' पुन्हा मोठ्याने वाचली. वर्गात हे पुस्तक आम्ही विनोदासाठी आणि बोलीच्या सहजतेसाठी शिकवतो. या खेपेस मात्र आमचेच घर वाचनाच्या आड येत राहिले. कारण लग्न चर्चमध्ये झाले असले, तरी आता आमच्यापैकी एकच जण रविवारी उपासनेला जातो.

नारायण वामन टिळकांनी १८९५ साली पत्नीला मागे ठेवून बाप्तिस्मा घेतला. चर्चच्या इतिहासात ते धैर्य ठरले. घरात तो आघात होता. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई परतल्या, त्या आपले सोवळेओवळे घेऊनच. ख्रिस्ती पतीच्या छपराखाली त्यांचा स्वयंपाक वेगळा राहिला, आणि एरवी उतावळ्या टिळकांनी तो राहू दिला. जातिभेद देवाने नव्हे, माणसाने केला, हे मनाने घेतल्यावर १९०० साली लक्ष्मीबाईंनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. टिळकांच्या मृत्यूनंतर (१९१९) त्यांचे अपुरे 'ख्रिस्तायन' त्यांनीच पुढे नेले.

टिळकांच्या श्रद्धेची खरी कसोटी आम्हांला बाप्तिस्म्यापेक्षा त्या वेगळ्या चुलीपाशी दिसते. मात्र प्रतीक्षा शेवटी फळली म्हणूनच ती मोलाची मानायची काय? आमच्या घरी चूल एकच आहे. रविवारच्या सकाळी मात्र दोन. दुसरी सकाळ निमूटपणे राहू देणे हीसुद्धा उपासना असेल का, यावर आमचे अद्याप एकमत नाही.