पेटीबाहेरची माणसं

बाळ काचेच्या पेटीत गेलं की घरच्यांच्या हातांना कामच उरत नाही. बाप उगाच जिना चढतो-उतरतो. आजी दाराच्या काचेतून डोकावते. आई तर पुष्कळदा तिथे नसतेच. ती तालुक्याला बाळंत झालेली, टाके ओले, आणि बाळ १०८ मधून जिल्ह्याला आलेलं. नवजात कक्षात सिस्टर म्हणून काम करताना माझं एक मत पक्कं झालंय: या माणसांना धीर देत बसू नये, काम द्यावं.

‘सगळं नीट होईल’ हे मी म्हणत नाही, कारण ते माझ्या हातात नसतं. ‘श्वास स्वतः घेतोय, ऑक्सिजन थोडा लागतोय, रात्री आठला परत सांगते,’ एवढंच बोलते. आणि आठला सांगतेच, नवीन काही नसलं तरी.

पहिलं काम दुधाचं. आई वाटी पदराआड धरून आणते. तळाला लागलेला पिवळा चीक, त्याचीच तिला लाज. मी तो तिच्यासमोर सिरिंजमध्ये ओढते. भरतो एखादा मिली. अशा बाळाला सुरुवातीला एका वेळी लागतोच तेवढा! मग दर दोन-तीन तासांनी दूध काढायला तिला सांगावं लागत नाही. डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये शीवच्या रुग्णालयात आशियातली पहिली दुग्धपेढी उभारली. पण ज्या गावांत पेढी नाही, तिथे भिस्त आईच्या वाटीवरच.

वजनाचं मात्र आधीच सांगून ठेवावं. पहिल्या आठवड्यात ते उतरतंच, कमी दिवसांच्या बाळाचं जास्त. नाहीतर १३०० ग्रॅमचं १२०० झालं की फोनवर फोन, आणि मावशीच्या ओळखीतला डॉक्टर.

खरी कसोटी कांगारूची. बाळाला उघड्या छातीशी धरायची ही पद्धत १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटात डॉ. एडगर रे यांनी सुरू केली, पेट्या कमी पडत होत्या म्हणून. तेव्हा तो नाइलाज होता. पुढे भारतासह पाच देशांत, दिल्लीच्या सफदरजंगमध्येही, अभ्यास झाला. बाळ पुरतं सावरायची वाट न पाहता जन्मल्यापासूनच छातीशी ठेवलं, तर पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू सुमारे पाव हिश्श्यानं घटतात, असं २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं.

हे आकडे आजीपुढे चालत नाहीत. ‘ओली बाळंतीण ती, वारं लागंल,’ ती म्हणते. मी वाद घालत नाही. ‘सुनेला जरा पडू दे, तोवर तुम्ही धरा,’ म्हणते. हात धुवून, अंगठ्या-बांगड्या काढून, समोर उघडणारं झंपर घालून ती बसते. टोपी, मोजे, लंगोट एवढ्यावरचं नातवंड छातीवर उताणं नाही, पालथं. मान एका बाजूला, नाक मोकळं. तासाभरानं सुनेनं मागितलं तरी आजी सोडत नाही. बाप लाजतो, पण आई तालुक्यालाच अडकली असेल तर पहिला तोच बसतो.

सगळीच बाळं घरी जात नाहीत. त्या घरांतली आईसुद्धा, बाळ हातात घेतलं होतं, दूध दिलं होतं, हे बोलून दाखवते.

जी जातात त्यांच्या आजीला मी बजावते: मध नाही, घुटी नाही, आणि चौथ्या आठवड्यात डोळ्यांचा पडदा तपासायला आणायचंच. ती सगळ्याला हो म्हणते. काजळाचं तेवढं आमचं अजून जमलेलं नाही.