समोरचं पान त्याचं

गेल्या महिन्यात माझा मित्र गेला. बेळगावातल्या एका लहान छापखान्यात 1974 साली आम्ही एकाच आठवड्यात कामाला लागलो होतो. तो कन्नडचा कंपोझिटर, मी मराठीचा. दोघांच्या केसांमध्ये जेमतेम हातभर अंतर.

आपल्याकडच्या लग्नपत्रिका तुम्हाला ठाऊकच आहेत. एका पानावर मराठी, समोर कन्नड. मामा-मावश्या दोन्हीकडे, आणि एकाचंही नाव राहून चालत नाही. लग्नसराईत रात्रीचे बारा वाजायचे.

शिशाचा खिळा उलटा असतो. मी कन्नड अक्षरं त्याच्याकडून अशी उलटीच शिकलो. त्यामुळे जुळवलेली ओळ मला वाचता यायची, पण बाजारातली दुकानाची पाटी अडवायची! यावरून त्यानं मला जन्मभर चिडवलं. कन्नडात ए आणि ओ ऱ्हस्व-दीर्घ असे दोन-दोन, मराठीत एकेकच. म्हणून आमची भाषा त्याच्या मते कंजूष. उलट मी त्याला ‘चूल’ म्हणायला लावायचो. त्याच्या चुलीतला च शेवटपर्यंत चहातलाच राहिला.

1986 च्या जूनमध्ये कन्नडसक्तीविरुद्धचं आंदोलन पेटलं. मालकांनी घाईनं दार ओढून घेतलं. मी चालत निघालो तर हा सायकल घेऊन मागं आला. “एकटाच कुठं जाऊलास? बस की मागं.” आमच्या गल्लीत पोचल्यावर माझ्या लक्षात आलं, आता याला एकट्याला परत कसं पाठवायचं? दोन रात्री तो आमच्याकडेच राहिला. आईनं त्याला भाकरी वाढली आणि सीमेचा विषय घरात काढायचा नाही अशी आम्हा दोघांना तंबी दिली. या प्रश्नावर आमचं एकमत कधीच झालं नाही. झालं असतं तर ते तोंडदेखलंच असतं, असं मला वाटतं.

पुढं छापखान्यात संगणक आला, खिळे किलोवर गेले. तो संगणक शिकला, मी प्रुफं वाचू लागलो. पत्रिकेत माझ्या पानावर बेळगाव, त्याच्या पानावर बेळगावी, हे मात्र तसंच राहिलं. 1 नोव्हेंबर 2014 ला सरकारी नाव बदललं त्या दिवशी त्याचा फोन आला, “माझं पान जिंकलं बघ.” मी म्हटलं, “माझं पान अजून माझ्याकडंच आहे.”

परवा त्याच्या मुलानं शिवगणाराधनेची पत्रिका फोनवर पाठवली. “काका, एकदा बघता काय?” कन्नड पानात ‘लिंगैक्य’ शब्दातला य चा ओत्त राहिला होता. मी कळवलं, त्यानं लगेच दुरुस्त केलं.

मराठी पान मी लिहून दिलं. गावाच्या नावाशी थोडा थांबलो आणि बेळगावच लिहिलं. समोरच्या पानावर बेळगावी आहे.