चोर, संन्यासी आणि कातकरवाडी

कातकरवाडीशी पोलिसांनी कसे वागावे, हा प्रश्न रायगडच्या किनारपट्टीवर जंगलापासून सुरू होतो. खैराचा कात काढणाऱ्या कातकरी जमातीच्या हातून वनकायद्यांनी खैर काढून घेतला आणि पिढीजात काम गुन्ह्यात जमा झाले. पुढे वीटभट्टी आली, कोळसाभट्टी आली. पावसाळा सरला की घरांना कुलपे लागतात, माणसे पावसाच्या तोंडावर परततात. मधल्या काळात गावात चोरी झाली, तर नुसते घरी नसणेही संशयाला पुरते.

अशा वेळी ‘चोर सोडून संन्याशाला फाशी’ ही म्हण हटकून आठवते. पण ती इथे नीट बसत नाही. म्हणीतल्या निरपराध माणसाला थेट संन्यासीच व्हावे लागते. जंगलातून मोळी आणणारा, सशाला फासे लावणारा कातकरी कायद्याच्या लेखी संन्यासी नाही आणि स्वतःच्या लेखी चोरही नाही. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरण तालुक्यातल्या चिरनेरला जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला. आठ जण मारले गेले, त्यांत नाग्या महादू कातकरी होते. तेव्हाच्या सरकारला ते कायदा मोडणारे दिसले. आज ते हुतात्मे आहेत. म्हणीतली दोन्ही नावे एकाच माणसाला लागू शकतात, मध्ये फक्त राज्य बदलावे लागते.

फाशी देणाऱ्याबद्दल तर म्हण बोलतच नाही. फेब्रुवारी १९९३ मध्ये श्रीवर्धन तालुक्यातल्या शेखाडीला मुंबईतल्या बॉम्बस्फोटांसाठीची स्फोटके उतरवली गेली. त्या स्फोटांच्या खटल्यात सीमाशुल्क आणि पोलीस खात्यांतलेही काही जण दोषी ठरले. चोर राखणदारांतही निघाला. २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर ओळखपत्रे आणि बोटींची तपासणी मात्र याच किनाऱ्यावरच्या कोळ्यांच्या वाट्याला अधिक आली. समुद्रावरची खबरही त्यांच्याकडूनच हवी असते. ज्याची झडती घ्यायची, त्याच्यावरच भरवसा ठेवायचा, ही कसरत एकाच शिपायाने करायची. झडती सैल करावी, तर शेखाडी आठवते. आवळावी, तर चिरनेर.

कायद्यात याचे अर्धेमुर्धेच उत्तर सापडते. १९८९ च्या अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील तपास उपअधीक्षकाच्या खालच्या अधिकाऱ्याकडे देता येत नाही. पण तो अन्याय घडून गेल्यावरचा उपाय. आधीच वाडीचे म्हणणे ऐकायचे, तर १९९६ चा पेसा कायदा रूढीनुसार तंटे सोडवण्याचा ग्रामसभेचा अधिकार मानतो. पण तो कायदा राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतल्या क्षेत्रांपुरता आहे. रायगड जिल्हा त्या अनुसूचीत नाही.