कोणाला बसवायचे?

सॅक्रामेंटो किंग्ज हा अमेरिकेतल्या एनबीए ह्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधला एक संघ. त्याच्या बचावाविषयी गेल्या काही वर्षांत मी जितकी चर्चा ऐकली आणि केली आहे, तितकी एखाद्या कादंबरीविषयीही क्वचितच केली असेल. मराठी साहित्य शिकलेल्या बाईने परक्या मुलखातल्या एका संघाच्या उणिवांचा इतका विचार का करावा, हा प्रश्न रास्त आहे. एक उत्तर असे, की मी त्या शहराच्या जवळ राहते आणि तिथे हा विषय टाळता येत नाही. दुसरे असे, की ही चर्चा ऐकता ऐकता समीक्षेतले काही जुने प्रश्न मला अधिक स्वच्छ दिसू लागले. त्याविषयी थोडे लिहावेसे वाटते.

आधी थोडी पार्श्वभूमी. किंग्ज १९८५ साली कॅन्सस सिटीहून सॅक्रामेंटोला आले. २००२ साली हा संघ अंतिम फेरीच्या उंबरठ्यावर, निर्णायक सातव्या सामन्यात, लॉस एंजेलिस लेकर्सकडून हरला. त्यानंतर काही वर्षांतच उतरण लागली आणि २००६-०७ पासून २०२१-२२ पर्यंत सलग सोळा मोसम संघ प्लेऑफमध्ये पोहोचला नाही. एनबीएच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा दुष्काळ. २०१३ मध्ये तर संघ सिअ‍ॅटलला जाणार असे जवळजवळ ठरलेच होते. तेव्हा तो विकत घेऊन शहरात राखणाऱ्या गटाचे प्रमुख होते मुंबईत जन्मलेले उद्योजक विवेक रणदिवे. गंमत अशी, की रणदिवे ह्यांचे नाव बास्केटबॉलच्या संदर्भात प्रथम गाजले ते बचावामुळेच. आपल्या मुलीच्या संघाला त्यांनी संपूर्ण मैदानभर प्रतिस्पर्ध्याला अडवायला शिकवले होते आणि त्यावर माल्कम ग्लॅडवेल ह्यांनी २००९ मध्ये ‘द न्यूयॉर्कर’मध्ये एक लेख लिहिला होता. त्यांच्याच मालकीच्या संघाला पुढे बचाव साधू नये, ह्यावर सॅक्रामेंटोत पुष्कळ विनोद झाले.

मी ज्या मंडळींबरोबर सामने पाहते त्यांत एक निवृत्त गणितशिक्षक आहेत, रुग्णालयात रात्रपाळी करणारी एक परिचारिका आहे आणि दोन-तीन विद्यार्थी आहेत. शिक्षक संघ शहरात आला तेव्हापासूनचे चाहते. सामना संपला की खरा सामना सुरू होतो: कोण चुकले, कोणाला आधी खेळवायला हवे होते, कोणाला मुळीच नको होते. ह्या गोंधळाला शिस्त यावी म्हणून शिक्षकांनी एक नियम घालून दिला आहे. ‘अमुक खेळाडूला खेळवा’ असे म्हणणाऱ्याने त्याच वाक्यात ‘आणि तमुक खेळाडूला बसवा’ असेही म्हटले पाहिजे. मैदानावर पाचच जण असतात. दुसरे नाव न घेता पहिले नाव घेणे म्हणजे मत देणे नव्हे, इच्छा बोलून दाखवणे, असे त्यांचे म्हणणे.

हा नियम वरवर साधा असला तरी बचावाच्या बाबतीत तो पाळणे फार अवघड जाते. कारण बचाव मोजता येतो, पण वेगळा काढून दाखवता येत नाही. नेम मारणाऱ्याचे नाव फलकावर झळकते. जो नेम मारलाच गेला नाही, त्याचे श्रेय कोणाच्या खात्यावर मांडणार? उलट बचाव कोसळतो तेव्हा कोणीतरी एकच दिसतो. समजा, प्रतिस्पर्ध्याचा उंच खेळाडू वाटेत भिंतीसारखा उभा राहतो आणि त्याच्या आडोशाने चेंडूवाला पुढे सरकतो. चेंडूवाल्याच्या मागावर असलेला बचावपटू त्या भिंतीत अडकतो. आता आपल्या उंच खेळाडूने पुढे यायचे की मागे थांबायचे? तो पुढे आला तर बास्केटखालची जागा उघडी पडते. मागे थांबला तर लांबून तीन गुणांचा नेम मोकळा मिळतो. तो पुढे आला, की तिसऱ्याने त्याची जागा घ्यायची, तिसऱ्याची चौथ्याने. ही सरकासरक एका पावलाने चुकली की कोपऱ्यात कोणीतरी एकटा सुटतो. दोष मात्र लागतो त्याच्याकडे सर्वांत शेवटी धावत गेलेल्याला, कारण चेंडू सुटताना पडद्यावर तोच असतो. खरे म्हणजे तो धावला तरी. जो धावलाच नाही तो पडद्याबाहेर आहे. एखाद्या कादंबरीचा शेवट फसला असे आपण म्हणतो आणि तिची वीण तिसऱ्या प्रकरणातच सुटलेली असते, तसाच हा प्रकार.

मध्यंतरी एका मैत्रिणीची आई सांगलीहून आली होती. शाळेत असताना काकू कबड्डी खेळलेल्या. आमच्याबरोबर अर्धा सामना शांतपणे पाहून त्यांनी विचारले, “अगं, हे एकमेकांचा हात का धरत नाहीत?” प्रश्नावर सगळे हसले, पण तो हसण्यासारखा नव्हता. कबड्डीत चढाईला येणारा एकटा असतो आणि बचाव करणाऱ्यांची साखळी असते. ती डोळ्यांना दिसते, तुटली तर कुठे तुटली तेही दिसते. शिवाय पकडीला गुण मिळतो, म्हणजे बचावालाही फलकावर जागा आहे. बास्केटबॉलमध्ये साखळी असते, पण हात धरलेले नसतात. ती आवाजावर, नजरेवर आणि सवयीवर बांधलेली असते. काकूंना जे खटकले त्यावर आमची मंडळी कित्येक महिने वाद घालत होती.

२०२२-२३ चा मोसम हा त्या वादाचा सुवर्णकाळ. आदल्या वर्षी, फेब्रुवारी २०२२ मध्ये, संघाने टायरीस हॅलिबर्टन हा तरुण, लाडका खेळाडू इंडियाना पेसर्सना देऊन त्यांच्याकडून डोमांटस सबोनिस घेतला होता. (किंग्ज आणि पेसर्स हे दोन संघ ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईत वरळीला दोन प्रदर्शनीय सामने खेळले, तेव्हा सबोनिस पेसर्सच्या बाजूने होता. पहिला सामना पेसर्सनी जादा वेळेत १३२-१३१ असा जिंकला.) पाठोपाठ माइक ब्राऊन प्रशिक्षक म्हणून आले, त्यांची ख्याती बचावाचे प्रशिक्षक अशी. आणि त्यांच्या हाताखाली हा संघ आक्रमणात तोवरच्या इतिहासातला सर्वांत कार्यक्षम ठरला, तर बचावात लीगच्या तळाच्या संघांमध्ये राहिला. २४ फेब्रुवारी २०२३ रोजी किंग्जनी क्लिपर्सना दोन जादा डावांनंतर १७६-१७५ असे हरवले. एनबीएच्या इतिहासात एकूण गुणांच्या हिशेबाने ह्यापेक्षा मोठा सामना एकच झाला आहे, १९८३ सालचा. त्या रात्री आमच्यापैकी निम्मे लोक आनंदाने ओरडत होते आणि परिचारिका पुन्हा पुन्हा एवढेच म्हणत होती, “एकशे पंचाहत्तर! आपण त्यांना एकशे पंचाहत्तर दिले!” दोन्ही प्रतिक्रिया एकाच सामन्याच्या होत्या आणि दोन्ही बरोबर होत्या.

विजयानंतर स्टेडियमवरून आकाशात जांभळा झोत सोडण्याची प्रथा त्याच मोसमात सुरू झाली. ४८ विजय मिळवून संघ पश्चिम विभागात तिसरा आला आणि दुष्काळ संपला. ब्राऊन एकमताने सर्वोत्कृष्ट प्रशिक्षक ठरले. पहिल्या फेरीत गाठ पडली गोल्डन स्टेट वॉरियर्सशी, आणि तिथे आमचा वाद पुस्तकी राहिला नाही. स्टीफन करीला अडवायचे तर डेव्हियन मिचेल हवा. प्रतिस्पर्ध्याचा दिवस वाईट जावा असा त्याचा बचाव, म्हणून त्याचे टोपणनाव ‘ऑफ नाइट’. पण मिचेल लांबून फारसा नेम मारत नसे. तो मैदानावर आला की वॉरियर्स त्याला मोकळा सोडून बास्केटजवळ गर्दी करत आणि फॉक्स व सबोनिसची वाट अडवत. त्याला घ्यायचे तर बसवायचे कोणाला? केव्हिन ह्यूर्टरला? पण ह्यूर्टरच्या लांबच्या नेमांच्या धाकानेच तर मैदान मोकळे राहत असे आणि सबोनिसला चेंडू वाटायला जागा मिळत असे. त्या मालिकेत ह्यूर्टरचे नेम चुकत होते हे खरे, तरी धाक उरतोच, असे विद्यार्थी म्हणत. शिक्षक म्हणत, “धाकाला गुण नाहीत.” परिचारिका म्हणे, “बचावालाही नाहीत.”

मालिका सातव्या सामन्यापर्यंत गेली. ३० एप्रिल २०२३ रोजी सॅक्रामेंटोतच करीने ५० गुण केले. सातव्या सामन्यात तोवर कोणीही इतके केले नव्हते. किंग्ज १००-१२० असे हरले. मला त्याहून बोचली ती दुसरी गोष्ट. वॉरियर्सच्या केव्हन लूनीने त्या दिवशी परतून आलेले २१ चेंडू पटकावले, आणि पटकावणारा नुसता पाहत राहावा असा खेळाडू नव्हे. ज्या सबोनिसच्या डोक्यावरून आणि बाजूने त्याने ते नेले, तो त्या मोसमात चेंडू पटकावण्यात लीगमध्ये पहिला होता. म्हणजे संघाचा सर्वांत ठळक गुण नेमका बचावाच्या शेवटच्या पायरीवर कामी आला नाही. नेम चुकवून घेण्याने बचाव संपत नाही, चेंडू हातात आल्यावर संपतो. हे आम्ही वर्षभर बोलत होतो.

पुढच्या मोसमात दुरुस्ती झाली. लीगच्या तळाशी असलेला बचाव मधल्या फळीत आला. २०२२ साली ड्राफ्टमध्ये कोणीही न निवडलेला किऑन एलिस, ह्यूर्टर मार्च २०२४ मध्ये खांद्याच्या दुखापतीने बाहेर गेल्यावर, पहिल्या पाचांत स्थिरावला. १६ एप्रिल २०२४ च्या प्ले-इन सामन्यात वॉरियर्सना ९४ वर रोखून किंग्जनी हिशेब चुकता केला. त्या दिवशी क्ले थॉम्पसनसारख्या नेमबाजाचे दहापैकी दहा नेम चुकले. पण तीनच दिवसांनी पेलिकन्सकडून ९८-१०५ असा पराभव झाला आणि प्लेऑफचे दार बंद झाले. आक्रमण ह्या काळात तळाकडे गेले नाही, पण तेही मधल्या फळीत आले. विजय ४६, म्हणजे आदल्या वर्षीपेक्षा अवघे दोन कमी. स्थान मात्र तिसऱ्यावरून नवव्यावर.

दोष दुरुस्त केला आणि तेज गेले, असा सोपा निष्कर्ष काढण्याचा मोह मला झाला होता. शिक्षकांनी तो लगेच रोखला. ह्यूर्टर आणि मलिक मंक दोघेही शेवटी जायबंदी होते, प्रतिस्पर्धी वर्षभरात हुशार झाले होते. एका कारणावर एवढे ओझे टाकू नका, असे ते म्हणाले. हे मान्य करूनही एक गोष्ट उरते. सबोनिसने बास्केटखाली उडी मारून नेम परतवणारा खांब व्हावे, अशी मागणी करणारे चाहते त्याच्या हातून होणाऱ्या चेंडूच्या वाटणीवर भाळलेले असत. मैदानाच्या मध्यावर उभे राहून खेळ विणणारा आणि बास्केटखाली पहारा देणारा असे दोन्ही एका माणसात क्वचित सापडतात. उणीव आणि शैली ह्या दोन वेगळ्या वस्तू असून पहिली काढून दुसरी जशीच्या तशी ठेवता येईल, असे समीक्षेत आपण किती सहज गृहीत धरतो! ‘भाषा काव्यमय आहे, पण कथानकाला गती हवी होती’. ‘व्यक्तिरेखा ठसठशीत आहेत, पण सामाजिक भान कमी पडते’. ह्या वाक्यांत खेळवायचे नाव आहे, बसवायचे नाही. कुठली काव्यमय पाने काढून ती गती आणायची, आणि ती पाने गेल्यावर ते पुस्तक आपल्याला आवडले असते का, हे सांगायची जबाबदारी आपण घेत नाही. ती घेतली तर आपल्या पुष्कळ टिपण्या निम्म्याने आखडतील, आणि उरतील त्यांना काही अर्थ असेल.

ह्याचा अर्थ दोष दाखवू नयेत असा मुळीच नाही. १७६-१७५ चा आनंद कितीही खरा असला तरी सातव्या सामन्यातले ५० गुण त्याहून कमी खरे नाहीत. प्रेमापोटी डोळे मिटणारा चाहता आणि एका चुकीवरून माणसाला निकालात काढणारा चाहता, दोघेही साखळी पाहायचे टाळतात. २६ डिसेंबर २०२४ ला अखेरच्या काही सेकंदांत तीन गुणांनी पुढे असताना फॉक्सकडून नेम मारणाऱ्याला धक्का लागला, नेम बसला, वरचा मोकळा नेमही बसला आणि पिस्टन्स ११४-११३ असे जिंकले. ब्राऊन ह्यांनी त्या चुकीचा उघड उल्लेख केला. दुसऱ्या दिवशी त्यांनाच काढून टाकण्यात आले आणि सव्वा महिन्यात फॉक्सही दुसऱ्या संघात गेला. एवढ्या मोठ्या इमारतीच्या पडझडीचे चित्र म्हणून आता सर्वांना तेवढा एक धक्का आठवतो. त्याआधीच्या ३० सामन्यांतली सुटलेली पावले कोणाला आठवत नाहीत.

त्या मालिकेपुरते माझे मत विचाराल तर मी ह्यूर्टरला बसवले असते. आक्रमण आटले असते, कदाचित आम्ही पाचव्या सामन्यातच बाहेर पडलो असतो, आणि ज्याचा खेळ पाहायला मी टीव्हीपुढे बसत असे तो बाकावर टॉवेल घेऊन बसलेला मला पाहावा लागला असता. हे सगळे मोजून म्हणते. विद्यार्थ्यांना ते अजून पटलेले नाही.