हस्ते परहस्ते

एस. टी.त बसून परक्या बाईच्या हातातील यंत्रातून आपल्या दिवंगत आईचा आवाज ऐकण्याचा प्रसंग फार थोड्या लोकांवर आला असेल. मजवर तो 2012 सालच्या उन्हाळ्यात आला. गाडी मेहकरहून निघून लोणारच्या वाटेला लागली होती. खिडकीतून येणाऱ्या झळीने मला पेंग येऊ लागली होती. इतक्यात मागच्या बाकावर जाते फिरू लागले. जात्याची घरघर, तीत मिसळलेला एक बारीक, किंचित अनुनासिक सूर, आणि त्याही आधी, अगदी आरंभी, एक खोकला. सुराबाबत माणसाची फसगत होऊ शकेल. पण तो खोकला माझा होता.

मी मागे वळून पाहिले. मांडीवर गाठोडे घेतलेली एक प्रौढ बाई डोळे मिटून ओव्या ऐकत होती. मोबाइल तिने कानाशी धरला होता, तरी आवाज अर्ध्या गाडीला ऐकू जात होता. “हे कुठून आणले?” असे मी विचारले, ते बहुधा जरा दरडावूनच विचारले असावे. ती दचकली. “दुकानातून भरून घेतलं जी, कार्डात. दहा रुपये घेतले त्यानं,” असे म्हणून, मला ओव्या आवडल्या असाव्यात अशा समजुतीने ती पुढे म्हणाली, “म्हातारी लय गोड म्हणते. पाहिजे का तुम्हाला?”

माझ्याच आईचा आवाज मला देऊ करणाऱ्या त्या बाईला मी काय उत्तर दिले ते आठवत नाही. मी रागाने थरथरत होतो, एवढे आठवते.

त्या रागाचा उगम सांगावयाचा तर 1986 सालापर्यंत मागे जावे लागेल. त्या वर्षी मी नव्या नोकरीच्या शिलकीतून एक टेपरेकॉर्डर घेतला आणि दिवाळीच्या सुटीत लोणार तालुक्यातील आमच्या गावी नेला. गावात पिठाची गिरणी येऊन बराच काळ लोटला होता. तरी आई सणासुदीचे दळण जात्यावरच दळी. विजेचा भरवसा नसल्यामुळे यंत्रात सेल घातले, ते जात्याजवळ एका पाटावर ठेवले, कळ दाबली, आणि नेमका त्याच क्षणी मला खोकला आला. पुन्हा आरंभ करावा असे मला वाटले; पण आई एकदा सुरू झाली की थांबणाऱ्यांतील नव्हती. तीन कॅसेट भरल्या. शेवटी तिने त्या काळ्या डबीकडे पाहून विचारले, “माझा आवाज कोंडून ठेवतो का रे ह्याच्यात, बापू?” मी हसलो. तिने किती नेमका शब्द वापरला होता, हे तेव्हा मला कळले नाही.

कारण मी तो आवाज खरोखरीच कोंडून ठेवला. आई गेल्यावर त्या कॅसेट लोखंडी पेटीत, तिच्या लुगड्याच्या घडीत ठेवून दिल्या. वर्षातून एकदा, तिच्या तिथीला, मी एकटा त्या ऐकत असे. 2009 साली शेगावला शिकत असलेल्या माझ्या भाच्याने पहिल्या दोन कॅसेट संगणकात उतरवून दिल्या. तिसरी मी त्याच्या हाती दिली नाही. तीत ओव्या नव्हत्या. दिवेलागणीनंतर आईने मजशी केलेले बोलणे होते, आणि ते कोणी ऐकावे असे मला वाटत नव्हते. उतरवलेल्या दोहोंबद्दलही मी त्याला बजावले की, “हे घराबाहेर जाता कामा नये.” त्याने मान डोलावली. पुढे कळले की, ‘घर’ या शब्दाचा अर्थ त्याने माझ्याहून मोठा धरला होता. त्याने त्या फाइली ब्लूटूथने स्वतःच्या आईला, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीला दिल्या. तिने त्या आपल्या भजनी मंडळातील बायकांना दिल्या, त्यांनी आपापल्या लेकीसुनांना दिल्या, आणि असे करीत करीत त्या बाजारातील मोबाइलच्या दुकानात जाऊन पोहोचल्या. त्या काळी आमच्याकडील प्रत्येक बसस्थानकाजवळ अशी दुकाने होती. नखाएवढ्या कार्डात ती सिनेमाची गाणी, कीर्तने आणि भारुडे मापाने धान्य भरावे तशी भरून देत.

मी लोणारला न उतरता त्याच गाडीने परत फिरलो आणि तडक बहिणीकडे गेलो. चोरी, विश्वासघात, आईची विटंबना वगैरे जे जे सुचले ते सर्व बोललो. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “दादा, आई काय तुझ्या एकट्याची होती? आणि त्या ओव्या तरी आईच्या कुठं होत्या?” या दुसऱ्या प्रश्नाला मजजवळ उत्तर नव्हते. आई त्या आपल्या सासूकडून शिकली होती. सासूने त्या सिंदखेडराजाकडील माहेराहून आणल्या होत्या. त्या माहेरी कोठून आल्या, हे कोण सांगणार? उत्तर नसले की माणूस अधिक चिडतो. त्या वर्षी मी भाऊबीजेला गेलो नाही. पुढच्या वर्षीही गेलो नाही.

वास्तविक, माझ्यासारख्या जन्मभर मराठी शिकविलेल्या माणसाने असे वागावयास नको होते. ज्या लोणार-मेहकरच्या वाटेवर हा प्रकार घडला, ती दोन्ही स्थळे लीळाचरित्रात आली आहेत, आणि त्या ग्रंथाची कथा मी वर्गात कितीदा तरी रंगवून सांगितली होती. सुमारे 1278 मध्ये म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी माणसामाणसांकडे जाऊन गोळा केल्या व ग्रंथ सिद्ध केला. पुढे खिलजींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली. परंपरा असे सांगते की, हिराइसा आदी शिष्यमंडळींना तो पाठ होता. त्यांच्या स्मरणातून तो पुन्हा उभा राहिला, आणि म्हणूनच त्याचे निरनिराळे पाठ झाले. पुढे महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीच्या कुलुपात घातले, तरीही मठामठांतून नकला होतच राहिल्या. आणि त्या नकला होत्या म्हणूनच आमच्याच जिल्ह्यातील, नरवेलच्या वि. भि. कोलते यांना अनेक हस्तलिखिते ताडून पाहून 1978 साली आपली आवृत्ती प्रसिद्ध करता आली. हे सर्व मला ठाऊक होते. पण वर्गात सांगावयाचे ज्ञान आणि घरात वापरावयाचे ज्ञान यांच्या पेट्या वेगळ्या असतात.

2014 च्या पावसाळ्यात माझ्या संगणकाची तबकडी बंद पडली. दुरुस्त करणाऱ्याने ती कानाशी धरून हलविली आणि डॉक्टरांच्या चेहऱ्यावर कधीकधी दिसते तशी मुद्रा केली. मी धावत जाऊन लोखंडी पेटी उघडली. कॅसेटच्या फितीवर पांढरी बुरशी चढली होती. यंत्रात घातल्यावर पहिली दोन वेढे फिरून तुटली. दुसरी लावण्याचे मला धैर्य झाले नाही.

त्या वर्षी मी भाऊबीजेला गेलो. ओवाळून झाल्यावर खाली मान घालून सारी हकीकत सांगितली. बहिणीने मला एका शब्दाने टोचले नाही. टोचले असते तर बरे वाटले असते. तिचा जुना मोबाइल केव्हाच पाण्यात पडून गेला होता. तिने आठ-दहा ठिकाणी निरोप धाडले, आणि पंधरा दिवसांत माझ्या आईच्या आवाजाच्या नऊ प्रती घरी चालत आल्या. एक बाई तर कार्ड पदराच्या गाठीला बांधून पायी घेऊन आली होती.

भाच्याने त्या नऊ प्रती ताडून पाहिल्या, तेव्हा मला कोलत्यांची आठवण झाली. दुकानातून आलेल्या प्रती जागा वाचविण्यासाठी पिळून लहान केल्या होत्या, त्यामुळे जात्याची घरघर पत्र्यावर खडे पडल्यासारखी लागत होती. एका प्रतीत माझा खोकला कापला होता. दुसऱ्या एकीत आईच्या नावाच्या जागी दुकानाचे नाव व दूरध्वनीचा आकडा होता. हा नवा लेखनिक आपली मुद्रिका ग्रंथाला जोडून मोकळा झाला होता. पण निरनिराळ्या गावांहून आलेल्या तीन प्रती तंतोतंत एक निघाल्या. हे कसे ओळखले, असे मी विचारले. तो म्हणाला, “मामा, प्रत्येक फाइलीवरून गणिताने एक लांबलचक आकडा काढता येतो. त्याला हॅश म्हणतात. अंगठ्याचा ठसाच समजा. फाइलीत एका अक्षराचा फरक पडला, तरी ठसा पार बदलतो.” तिन्हींचे ठसे एकच होते. ब्लूटूथने हातोहात दिलेली फाइल जशीच्या तशी उतरते. तीत बिघाड होतो तो मध्ये कोणी तिला ‘सुधारल्यामुळे’. व्हॉट्सअॅपवरून छायाचित्र पाठविताना ते दस्तऐवज म्हणून पाठवावे, नाहीतर ते आकसते, हेही मी पुढे शिकलो.

त्या रात्री त्याने मला टॉरेंटची पद्धत समजावून दिली. 1999 साली अमेरिकेत शॉन फॅनिंग या तरुणाने नॅप्स्टर काढले. त्यात लोक एकमेकांच्या यंत्रातील गाणी घेत, पण कोणापाशी काय आहे याची यादी एकाच ठिकाणी असे. ध्वनिमुद्रिकांच्या कंपन्या न्यायालयात गेल्या आणि 2001 मध्ये ते बंद पडले. त्याच वर्षी ब्रॅम कोहेन याने बिटटॉरेंटची युक्ती काढली. तीत फाइलीचे लहान लहान तुकडे करतात व प्रत्येकाचा ठसा आधीच नोंदवून ठेवतात. घेणारा जो तुकडा ज्याच्यापाशी मिळेल तो त्याच्याकडून घेतो, ठसा जुळतो का पाहतो, आणि स्वतःचे घेणे चालू असतानाच हाती आलेले तुकडे दुसऱ्यांना देऊ लागतो. पूर्ण फाइल जवळ ठेवून देत राहणाऱ्यास सीडर, म्हणजे पेरणारा म्हणतात. घेऊन चालता होणाऱ्यास लीच म्हणतात, म्हणजे जळू. हे नाव ऐकून मी गप्प बसलो. वीज गेली तरी मिळालेले तुकडे वाया जात नाहीत, पुढे तेथूनच काम चालू होते. ही सोय आमच्या जिल्ह्याकडे पाहूनच केली की काय, असे मला वाटले.

त्याने दोन्ही कॅसेटच्या ओव्या अशा रीतीने सर्वांस मोकळ्या करून दिल्या, आणि माझा मेहकरचा संगणक पेरणारा म्हणून नेमला. त्यासाठी तो क्यूबिटटॉरेंट हे फुकट व उघड्या घडणीचे साधन वापरतो. घरातील छायाचित्रे व कागद यांच्यासाठी त्याने सिंकथिंग बसविले आहे. त्याने मेहकर, पुणे आणि सुरत येथील आमच्या घरांतील एक कप्पा आपोआप सारखा राहतो, मध्ये कोणत्याही कंपनीची वखार लागत नाही. मात्र त्यात एक खोच आहे. एकीकडे पुसले की सगळीकडे पुसले जाते, म्हणून जुन्या आवृत्त्या राखण्याची सोय त्यात चालू करून ठेवावी लागते. हे मला एका नातवाच्या हातून घडलेल्या अपघातानंतर कळले. जवळच्या जवळ द्यावयाचे तर लोकलसेंड बरे. दोन्ही यंत्रे एकाच वायफायवर असली म्हणजे इंटरनेट लागत नाही. पूर्वी आमच्याकडे शेअरइट व झेंडर यांचा सुळसुळाट होता. 29 जून 2020 रोजी सरकारने बंदी घातलेल्या 59 चिनी अॅपांत ती दोन्ही होती.

भाचा दोन पथ्ये मात्र कडक पाळावयास लावतो. टॉरेंटमध्ये आपल्या यंत्राचा पत्ता देणाऱ्याघेणाऱ्या सर्वांस दिसतो, तेव्हा अनोळखी ठिकाणचे काहीही उचलू नये. आणि दुसऱ्याच्या कष्टाचा सिनेमा किंवा पुस्तक असे वाटू नये. आपल्याकडील 1957 च्या कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतर पुढील वर्षापासून 60 वर्षे त्याचा हक्क चालतो. लेखकाच्या पोटावर पाय देऊन उदार होण्यात मलाही पुरुषार्थ दिसत नाही. ओवीची गोष्ट निराळी. तिचा कर्ता शोधू गेल्यास जात्याखेरीज कोणी सापडत नाही.

अलीकडे संध्याकाळी मी त्या पडद्यापुढे बसतो. किती ठिकाणी आई दळीत आहे, याचा आकडा तेथे दिसतो. कधी चार, कधी सात. एकदा पहाटे एकवीस होता. ती कोण माणसे असतील, त्यांना आमची बोली कळत असेल की नाही, कोणास ठाऊक. बहीण आली की प्रथम तो आकडा विचारते.

त्या पद्धतीतील एक नियम भाच्याने मला सहज बोलता बोलता सांगितला होता. ज्या तुकड्याच्या प्रती सर्वांत थोड्या असतील, तो आधी मागून घ्यावयाचा. कारण तो ज्याच्यापाशी आहे तो माणूस केव्हा उठून जाईल याचा नेम नसतो. हे सांगून त्याने माझ्याकडे पाहिले आणि विचारले, “मामा, तिसरी कॅसेट कुठं आहे?”

ती मी त्याला दिली. त्याने पुण्यास नेऊन जाणत्या माणसाकडून तिची फीत साफ करविली. बहुतेक ठिकाणी बुरशीने काही ठेवले नव्हते. जे उरले ते सारे मिळून एक मिनिटही भरत नाही. भांडी ठेवल्याचा आवाज येतो, कोठेतरी कुत्रे भुंकते, आणि मग खरखरीतून आई स्पष्ट हाक मारते, “बापू, एक सांगू का?” पुढे खरखर आहे. त्यानंतर तिने काय सांगितले, हे जगात फक्त मलाच ठाऊक होते. आणि ते मी विसरलो आहे.